झेबीचा न निजणारा कम्प्युटर

प्रिय झेबी,

उन्हाळ्यात तू माझ्या गळ्यात घातलेलं काम अजून माझ्या गळ्यातच आहे. 'बाबा, मला इथे परदेशात, बुसानला कायमची नोकरी लागली. आता मी घरी मार्गिलानला परत राहायला येणार नाही. आईला तुम्हीच सांगा, माझी जीभ रेटत नाही,' असं तू दुकानाच्या फोनवर म्हणालीस आणि मीही बापाच्या ऐटीत 'त्यात काय एवढं' म्हणून बसलो. त्या 'एवढ्या'ला अकरा आठवडे झाले. अंगणातल्या बेहीच्या झाडावरची फळं पिवळी झाली. आईनं ती खिडक्यांत ओळीनं मांडली आहेत आणि सारं घर त्या वासात दिवसभर पेंगत असतं. सकाळी धुकं असं उतरतं की चिनाराचं झाड नुसतं आठवल्यासारखं दिसतं. अशा दिवसांत कुणाला काही कठोर सांगू नये, असं मी रोज स्वतःला बजावतो आणि दुकान गाठतो.

त्यात तुझ्या खोलीतल्या कम्प्युटरनं नवा खेळ मांडला. रविवारी तुझ्याशी बोलून झालं की आई तो रीतसर बंद करते. पडदा काळा होतो, पंखा थांबतो, एक, दोन, तीन... आणि पुन्हा दिवा लागून तुझा शाळेतला फोटो समोर! आई म्हणते, 'अगदी तुमच्या लेकीची खोड. निजायला पाठवावं तर पाणी प्यायचं निमित्त करून परत दारात.' शेजारच्या मुहब्बत खालाला हे कळलं मात्र, ती आपला विणकामाचा माग सोडून बघायला आली. दोनदा बंद करवून घेतला, दोनदा उठला. गालाला हात लावून आईला म्हणाली, 'सबोहत, पोरगी परत येतेय गं! घरचं माणूस वाटेवर असलं की त्याच्या वस्तूंना झोप येत नाही.' मग माझ्याकडे वळून, 'आणि काय हो तुर्गुन उस्ताद, गावभरचे कम्प्युटर नीट करता, आणि कुंभाराच्या घरी मात्र फुटका माठ?' आई नुसती हसली. ते हसू बघून मी तडक दुकान गाठलं.

खरं सांगतो, मी दुरुस्ती मुद्दाम टाळली. आज गिऱ्हाईक फार, उद्या पेचकस सापडत नाही. शाळेतून काढून टाकलेले रेडिओ खोलून शिकलेला माणूस मी, कुणी शिकवलं नाही, कानानं शिकलो. यंत्र काय कुरकुरतंय ते मला दारातून कळतं. पण हे यंत्र नीट केलं की तुझ्या आईची आशा माझ्याच हातानं मालवेल, असं वाटायचं. शेवटी गेल्या गुरुवारी आईच म्हणाली, 'बसा आता. चहा तिथेच आणते.'

बसलो. काही बिघाड झाला की यंत्रानं आपणहून पुन्हा सुरू व्हावं, अशी एक सोय आत असते. ती आधी काढली. उठला. माऊस आणि कीबोर्ड उपसले, कधी कधी त्यांच्या धक्क्यानंही जाग येते. उठला. इंटरनेटची तार काढली. तरी उठला. मग मी डोळे मिटून नुसता ऐकत राहिलो. शेजारी मागाची खटखट चालली होती, आणि तिच्यात लपलेली एक बारीक 'टिक', पंखा थांबल्यावर आणि दिवा लागायच्या आधी. इतके दिवस मी ती खालाच्या मागाचीच समजत होतो. चालू करायच्या बटणाची तार सोडवली आणि कम्प्युटर गाढ झोपला.

बटण बाहेर काढलं तर काळपट, चिकट, गुळाच्या काकवीत बुडवल्यासारखं. वास घेतला आणि ओळखलं. इसिरिक! दर बुधवारी आई त्या वाळक्या झुडपाची धुरी घरभर फिरवते ना, तिचा राप. दारावरून एकदा, चुलीवरून एकदा आणि तुझ्या कम्प्युटरवरून तीनदा, कारण पडद्यावर तुझं तोंड सगळी आळी बघून जाते आणि नजर लागते. दोन वर्षांचा धूर पंख्यानं आत ओढला. बटण अर्धवट चिकटून राहायचं आणि पंखा थांबताना पेटीला जो हिसका बसतो, तेवढ्यानं पूर्ण दाबलं जायचं. मी बटण आईच्या तळहातावर ठेवलं. म्हटलं, 'बाईसाहेब, ही तुमची करणी.'

तिनं ते बटण बोटानं पुसलं. मग म्हणाली, 'झेबी येणार नाही, हो ना?' मी हातातला चहा खाली ठेवला. तीच म्हणाली, 'मला निरभ्र आभाळासारखं कधीचंच दिसतंय. उन्हाळा संपता संपता पडद्यावर तिच्या पाठीमागे नवं कपाट आलं. भिंतीएवढं. दोन वर्षांसाठी गेलेली पोरगी एवढं कपाट घेत नाही.' मी म्हटलं, 'मग ही धुरी? खालाचं ते बोलणं?' तर म्हणे, 'खाला बोलते तिला बोलू दे. झेबी परत यावी म्हणून नव्हते मी धूर फिरवत. तिथे एकटी आहे, तिला कुणाची नजर लागू नये म्हणून.'

मग तिनं मला भाकरीवर हात ठेवायला लावून शपथ घातली, की तिला माहीत आहे हे तुला कळता कामा नये. तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, बापाच्या नाही. पोरी, साठीला आलेला माणूस भाकरीची शपथ मोडतोय, आणि तोंडानं मोडायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र. ते हाती पडलं की पुढच्या रविवारी तूच सांग. ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करेल, करू दे. आधी रडेल, मग तुला चार शब्द सुनावेल, मग विचारेल की समुद्रावरचा वारा हाडाला लागतो का, गरम कपडे घेतलेस का. ते याच क्रमानं होऊ दे. रडणं मध्येच तोडू नकोस. मी तेव्हा अंगणात पानं झाडत असेन.

तुझाच,
बाबा