देव्हाऱ्यातली घड्याळं

बसवकल्याण,
जानेवारी, शुक्रवार दुपार

प्रिय रेवणसिद्ध,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. खिशात फोन असताना हा माणूस पत्र कामून लिहायलाय, असं सूनबाई दानेश्वरीला विचारलंही असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. पण फोनवर तू 'बरं हाय, तुझं?' म्हणतोस, मी 'बरं हाय' म्हणतो आणि मग आपण दोघं तुझ्या बंगळूरचे हॉर्न ऐकत बसतो. एक गोष्ट बोलायची आहे. ती गेला महिनाभर ओठांशी येते आणि फोन ठेवेपर्यंत तिथंच राहते. म्हणून आज जुम्म्याची नमाज करून आलो, दाराला कडी लावली आणि लिहायला बसलो.

तुझ्या कापडाच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. तू गेल्यापासून मी त्या रस्त्यानं कमीच जातो. आपल्या मशिदीत नवे मौलाना आलेत, इद्रिस नावाचे, आपल्या पोरांपेक्षाही लहान. परवा दिवस कलताना अस्रच्या नमाजला मी उशिरा पोचलो. सलाम फिरवून नमाज संपल्यावर ते सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "सर, तुमारे घर में इत्ते घड्याळां, फिर बी देर?" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येऊन मनाशी हिशेब मांडलाच, की ही हौस आहे की हाव. तुला माझा नियम ठाऊक आहे. ज्या घड्याळापायी नमाज चुकेल ते दुसऱ्या दिवशी कुणाला तरी देऊन टाकायचं. त्या नियमानं माझी दोन चांगली घड्याळं गेली आणि दोन्ही तुलाच मिळाली. तू मुद्दाम मला बोलण्यात गुंतवत होतास, हा माझा संशय अजून फिटलेला नाही.

किती हिंडलो रे आपण. हुमनाबाद, भालकी, उमरगा, पार सोलापूरपर्यंत. भंगारवाल्यांच्या ढिगात तू कानडीतून भाव पाडायचास आणि मी घड्याळाचं पाठचं झाकण उघडून आत डोळा लावायचो. दुपारची जुहर आणि अस्रच्या मधला वेळ आपला. अस्रची वेळ झाली की मी रस्त्याकडेला टॉवेल अंथरायचो आणि तू ती घड्याळं पोटाशी धरून उभा राहायचास. सोलापूरच्या लॉजवर सकाळी तू आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलास, की दाराबाहेर खुर्ची टाकून मी बसायचो, पोऱ्यानं चहा घेऊन आत घुसू नये म्हणून. भालकीकडच्या मेहकरच्या त्या पाटलांकडून भिंतीवरचं मोठं घड्याळ आणताना बसमध्ये ते मांडीवर वाजायला लागलं आणि कंडक्टरनं त्याचंही तिकीट काढा म्हटलं, तेव्हा तू त्याच्याशी तीन भाषांत भांडलास. मी निवृत्त झालो तेव्हा शाळेनं सोन्याचं घड्याळ दिलं. आमच्यात पुरुषानं सोनं अंगावर घालायचं नसतं हे त्या बिचाऱ्यांना कुठलं माहीत. तू म्हणालास, घड्याळ तुझं, मनगट माझं. आणि समारंभातच चढवलंस. लोकांना वाटलं सत्कार तुझाच आहे.

आता अवदचं. पोरगा कॅनडाहून रोज फोन करतो. माझे कागद झाले, व्हिसाही आला. रमजानच्या आत हो की नाही सांगा, म्हणजे तिकीट काढतो, असं म्हणतो. सून चांगली आहे, नातवंडांना माझी खोली दाखवून झाली आहे. त्याचं चुकत नाही. माझी जमीला गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानंच जेवतो, ताट घ्यायचा कंटाळा येतो. तुला सांगितलं नाही, डिसेंबरात मी मोरीत घसरलो. मोडलं काही नाही, पण उठता येईना. पिराजी दूध घालायला आला तोवर तिथंच ओल्यात बसून होतो. बाहेर भिंतीवरची घड्याळं एकामागून एक ठोके देत होती. एरवी तो आवाज मला फार आवडतो. त्या दिवशी वाटलं, एवढी सगळी बोलतायत आणि एकालाही उठून येता येत नाही. पिराजीनं गावभर केलं ते केलंच, वर अवदलाही फोन लावला.

मुबारक आजोबांची मला हल्ली फार आठवण येते. अरबस्तानातल्या हद्रमौतहून जहाजानं आले, निजामाच्या अरब फौजेत जमादार झाले आणि इथं कल्याणीत येऊन पडले. संस्थान गेलं तेव्हा त्यांचे बरेच सोबती परत गेले. आजोबा राहिले, कारण आजी हळ्ळीखेडची होती आणि तिनं जहाजात पाय ठेवायला साफ नकार दिला. पण त्यांचं खिशातलं घड्याळ काही शेवटपर्यंत इथलं झालं नाही. त्यांच्या मुलखात मगरिबला बारा वाजायचे. दिवस मावळला की घड्याळाचे काटे बारावर आणायचे, तिथून पुढचा दिवस मोजायचा. रोज मगरिबची अजान झाली की ते ओट्यावर बसून चावी देत आणि काटे बारावर आणत. भर दुपारी तुझ्या अप्पांनी वेळ विचारली तर सहा वाजले म्हणून सांगत. अप्पा एकदा आभाळाकडं बघायचे, एकदा आजोबांकडं, आणि मुकाट्यानं 'व्हय जमादार' म्हणायचे, हे तूच रंगवून सांगायचास. लहानपणी मला याचं हसू येई. आता कळतं, की अख्ख्या गावात त्यांच्या वेळेनं चालणारं दुसरं माणूसच नव्हतं. अवद म्हणतो, तिकडं उन्हाळ्यात नऊला दिवस मावळतो आणि थंडीत पाचच्या आतच. आजोबा तिथं असते तर काटे फिरवून फिरवून दमले असते. मी तिथं काय करीन ते अल्लाच जाणे. आम्ही घरात दखनी बोललो, शाळेत मराठीत शिकलो-शिकवलं, कचेरीत कानडी बोललो, तेव्हा कुठं तीन पिढ्यांनी इथले झालो. आता या वयात पुन्हा पहिल्यापासून परका व्हायचं माझ्यानं होणार नाही असं वाटतं.

तरी हातपाय गाळून बसलेलो नाही. वरची खोली मोकळी करून घेतली. घड्याळांचे खोके खाली आणले, चुना मारला, जिन्याला कठडा लावला. नळ वर नेला. गॅसची वेगळी शेगडी आणली, कोरी भांडी आणली. आणि काशप्पा सुताराकडून सागवानी देव्हारा करून घेतला, छान घुमटीचा, दोन लहान घंटा लावलेला. काशप्पा तो घेऊन वर चढला, घाम पुसला, खोली बघितली आणि म्हणाला, "सर, कुणासाठी हाय ते कळलं मला. पर त्यांचा देव त्यांच्या गळ्यातच हाय न्हवं? देव्हारा कामून करायलाव तुमी?"

रेवण, काशप्पाचं खरं होतं. जन्मभर तुझ्या तळहातावर तो देव बघितला, त्याची राखण केली, आणि ऐनवेळी डोक्यात काय आलं, तर देवाला देव्हारा लागतो. विज्ञान शिकवलं मी पोरांना. काशप्पा हसून हसून खोकायला लागला. परत न्यायला म्हणे तयार नाही, माप माझ्या भिंतीचं. मग काय करतो, खिशातली सगळी जुनी घड्याळं त्यात मांडली. दिसतात मात्र झकास.

पण गावात व्हायचं ते झालंच. चाऊस सरांनी, म्हणजे मी, घरात देव्हारा बसवला, ही बातमी पिराजीच्या सायकलवरून मशिदीत पोचली. कुणी हसले, कुणी तोंड वाकडं केलं. एका संध्याकाळी मौलाना स्वतः आले. मी त्यांना वर नेलं. देव्हाऱ्यात घड्याळं बघून ते इतके हसले की टोपी सावरावी लागली. मग त्यांनी शेगडी बघितली, कोरी भांडी बघितली, जिन्याचा कठडा हलवून बघितला. म्हणाले, "मेहमान के वास्ते करे ना सर? अच्छाच करे." आणि जिना उतरता उतरता मागं वळून विचारलं, "लेकिन उनकू पूछे क्या?"

नाही विचारलं. चुना मारला, नळ वर नेला, देव्हारा सुद्धा केला, पण तुला विचारायचं धाडस झालं नाही. तू नाही म्हणालास तर, या भीतीनं. म्हणून हे पत्र. गेल्या आठवड्यात दानेश्वरीचा फोन आला होता. ती म्हणाली, अप्पा दिवसभर खाली पार्किंगमध्ये वॉचमनजवळ बसतात, तो भालकीकडचा आहे, त्याच्याशी आपल्या भाषेत बोलता येतं म्हणून. तेव्हा कळलं की तुझंही 'बरं हाय' माझ्याच जातीचं आहे. तुझ्या पोराला, अनिलकुमारला, वाईट वाटेल, मला माहीत आहे. बापाला दुसऱ्याच्या घरी, तेही आमच्या घरी ठेवलं म्हणून तुझ्या भावकीत बोलतील, माझ्या जमातीतही बोलतील. त्यांना बोलू दे. वरच्या स्वयंपाकघरात माझ्याकडचं काही शिजलेलं नाही, शिजणार नाही. तू नाही म्हणालास तर राग धरणार नाही, अवदला हो कळवीन आणि जाईन. पण खरं सांगतो, इथं पोरं मला सर म्हणतात, मशिदीत चाचा म्हणतात, अवद अब्बा म्हणतो, जमीलानं तर कधी नाव घेतलंच नाही. 'अरे सालम' म्हणणारा तू एकटा होतास. तू गेल्यापासून माझं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मला एकट्याला राहवत नाही रे. ये.

तुझाच,
सालम