भर दुपारी लावलेला दिवा

मी, खाली सही करणारी, गल्लीत 'कात्रीबाई' म्हणून ओळखली जाणारी शिंपीण, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कुणाचा दबाव नाही. असता तरी मी जुमानला नसता.

१. राहतं घर मुलीला, तिच्या एकटीच्या नावावर. जावईबापूंनी त्यात खुशाल राहावं, भिंती पाडू नयेत.

२. दुकानातली दोन्ही शिलाई मशिनं आणि कात्र्या माझ्या मदतनीस बाईला. काजं करताना घाई नको, हे जिवंतपणी सांगून दमले.

३. बँकेतली शिल्लक मुलगी आणि धाकटी नणंद यांना निम्मी निम्मी. लग्नातले माझे कपडे मीच शिवले होते; शिवण वाकडी आहे, असं नणंद चारचौघांत बोलली. वाकडी नव्हती. तरीही निम्मी.

४. आमच्या लाडक्या भयकथाकाराची जुनी पुस्तकं वाचनालयाला. यजमान आणि मी एरवी उशीवरूनही भांडायचो; पण त्याचं नवं पुस्तक आलं की मी वाचायची आणि ते जीव मुठीत धरून ऐकायचे.

५. त्याची शेवटची कादंबरी मात्र जावईबापूंना. वर्तमानपत्रात तिचे गोडवे त्यांनीच गायले. "सासूबाई, यातलं भय सूक्ष्म आहे." इतकं सूक्ष्म, की चष्मा लावूनही मला दिसलं नाही. भूत येतं, खुर्चीत बसतं आणि आपलं बालपण सांगत सुटतं. शेवटी वकील लावून घर परत मागतं. शी! हे त्यांनी मुलीसमोर मोठ्याने, एकही पान न गाळता वाचावं.

यजमान अंथरुणाला खिळले होते, तेव्हा ही कादंबरी आली. तिच्यासाठीच ते तग धरून होते. भुताच्या शाळेचं प्रकरण लागलं, तसे म्हणाले, "अगं, पुरे. हा माणूस संपला. आता पुढचं तूच सांग."

मी पुस्तक मिटलं आणि मनचंच सांगत गेले. थोड्या वेळाने त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"दिवा लाव गं."

बाहेर लख्ख ऊन होतं. मी लावला. त्याच आठवड्यात ते गेले.

६. ती गोष्ट मुलगी मागते. जावईबापू तर छापू या म्हणतात. ती माझ्या मालमत्तेत धरू नये. जिथे द्यायची, तिथे ती देऊन झाली आहे.

याआधी मी काही लिहून ठेवलेलं सापडल्यास ते रद्द समजावं.

सही: कात्रीबाई
साक्षीदार: शेजारचे घड्याळजी, समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई
स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ४ फेब्रुवारी