करडईचं तेल आणि दुष्काळातलं मशीन

चाकूर, ४ एप्रिल १९८३, सोम.
ह्यांना जाऊन तीन महिने झाले. नांदेडहून दादाचं पत्र. गिरणी बंद कर, सेंट्रिफ्यूज मशीनला गिऱ्हाईक मिळालंय, रविवारी घेऊन येतो. पत्त्यात जि. उस्मानाबाद. लातूर वेगळा झाला तरी दादाची सवय जात नाही.
मशीन ह्यांनी दिवाळीत आणलं. पूर्वी गाद खाली बसायला तेल आठ दिवस टाकीत ठेवावं लागे. आता मशीन तेल गरगर फिरवून गाद वेगळी काढतं, तासाभरात नितळ. दुष्काळात बायका चार-पाच किलो करडई आणतात, आठ दिवस कोण थांबणार? मशीन गेलं की गिरणी गेलीच.
उत्तर लिहिलं नाही.

६ बुध.
मशीन थडथडायला लागलं. घाण्यावरच्या बाबूमियाँनी धावत येऊन बंद केलं. "भाभी, हे तर उडून चाललं होतं!"
चूक माझीच. हे रोज मशीनच्या आतलं फिरतं भांडं गरम पाण्याने, सोड्याने धूत. टँकर दोन दिवसांआड, म्हणून मी नुसतं फडक्याने पुसत होते. गाद एका बाजूला वाळून दगड झालेली.
शांताबाई करडई घेऊन बसलेल्या. सांगितलं, धुवायला पाणी नाही. तशाच उठून गेल्या. वाटलं, रागावल्या.

७ गुरु.
सकाळी शांताबाई दारात, डोक्यावर घागर. मी नको म्हटलं.
"गप बसा वैनी. आमी काय घागरभर पाण्यानं मरत न्हाई. पोरं कोरडं खायलीत, त्येल पाहिजे."
बाबूमियाँनी भांडं आधी गरम तेलात भिजवलं, बांबूच्या कामटीने खरवडलं. "लोखंड लावू नका, चरा पडला तर जन्मभर नाचंल." मग अर्ध्या घागरीतच निघालं. उरलेलं पाणी शांताबाईंनी परत नेलं नाही.
आभार मानायचे राहून गेले. इथे लिहिते.

८ शुक्र.
तेल नितळ. शांताबाईंनी बाटली उन्हात धरली. "आरपार दिसायलंय की!" हे असते तर हसले असते. जेवण गेलं आज, पोटभर.

१० रवि.
दादा गिऱ्हाईकाला घेऊन आला. मशीन चालू होतं. त्या माणसाने पत्र्याला हात लावून पाहिला. "थरथर अजिबात नाही. आजच उचलतो."
आम्हीच दुरुस्त करून ठेवलेलं.
दादा म्हणाला, "कमल, सांग ना त्यांना, घेऊन जा म्हणून."
बाहेर सात बायका पिशव्या घेऊन बसलेल्या. म्हटलं, "आधी ह्या बायकांचं होऊ दे." दादासमोर एवढं पहिल्यांदाच बोलले.
गिऱ्हाईक बाकावर बसला. दादाही बसला. मी पहिली पिशवी बाबूमियाँच्या हातात दिली.