अकरा इंजिनांपैकी सात

मी, ओर्नेल्ला झुबानी, कै. बात्तिस्ता बेल्लेरी यांची पत्नी, वय वर्षे सत्त्याहत्तर, राहणार गार्दोने, त्रोम्पिया खोरे, जिल्हा ब्रेशा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण तो कोणीतरी मागणार हे मला ठाऊक आहे. उजवा खुबा बदललेला आहे. बाकी सर्व भाग मूळचे आहेत.

नोटरी बाई म्हणाल्या, "स्वतःच्या हाताने लिहिलंत तर आपल्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत."

मी म्हटले, "मला लागतात. का, ते कलम दोनमध्ये येईल."

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतरही करणार नाही.

कलम १. घर. घर, घरातील सर्व वस्तू आणि मागची अंजिराची बाग माझा एकुलता एक मुलगा दार्यो बेल्लेरी यास मिळावी. कायद्याने त्याचा जो अर्धा हिस्सा होतो, तो यात भरून वर उरतो. नोटरी बाईंनी हिशेब तपासला आहे, तेव्हा दार्योने वकिलाकडे जाण्याचे कष्ट घेऊ नयेत.

कलम २. शेड. अंगणाच्या टोकाला असलेली शेड, तिच्यातील वर्कबेंच, लेथ, प्रेस, सर्व हत्यारे आणि सात इंजिने हरजिंदर सिंग, राहणार सारेत्सो, यांस मिळावीत. फाटकापासून शेडपर्यंत येण्याजाण्याची वाट त्यांच्या वहिवाटीची राहील. घराच्या मालकाने ती अडवू नये, तिथे गाडी लावू नये आणि कुंड्याही ठेवू नयेत.

लोक विचारतील की अंगणातली शेड परक्याला का. म्हणून सविस्तर लिहिते.

सन १९६५ पासून नऊ वर्षे मी पुलाजवळच्या इंजिन कारखान्यात काम केले. तिथे गो-कार्टच्या, म्हणजे बुटक्या उघड्या गाड्यांच्या, शर्यतींसाठी शंभर सीसीची टू-स्ट्रोक इंजिने बनत. कारखान्याचे नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनीही नऊ वर्षांत माझे नाव कुठे लिहिले नव्हते. एकदाच लिहिले, ते मला काढून टाकल्याच्या कागदावर.

माझे काम क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा दांडा, सरळ करण्याचे. प्रेसमध्ये दाबून बसवलेला शाफ्ट केसभरही वाकडा असला तरी मिनिटाला पंधरा हजार फेऱ्यांत इंजिन स्वतःला फाडून टाकते. पितळी हातोडीचा एक ठोका, मग माप, मग दुसरा ठोका. हे मला कोणी शिकवले नाही. माझे वडील बंदुकीच्या नळ्या सरळ करीत. नळी खिडकीच्या उजेडाकडे धरायची आणि आत पडलेली सावली बघायची. सावली वाकली तर नळी वाकडी. मी सिलिंडर तसेच बघते. कारखान्यातले इंजिनियर हसत, आणि अडले की माझ्याकडे घेऊन येत.

शर्यतीतून परत आलेली इंजिने कचऱ्यात जात. कशाचा पिस्टन जाम होऊन वितळलेला, कशाच्या क्रँककेसमधून, म्हणजे बाहेरच्या कवचातून, रॉड बाहेर आलेला. एका शुक्रवारी मी आमचे मुकादम एत्सिओ पेद्रेत्ती यांना विचारले, "यातल्या तीन क्रँककेस घेऊ का घरी?"

"घे की. कचराच आहे," ते म्हणाले.

फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी उघडली. मालक खाली आले. मी सांगितले, मुकादमांना विचारून घेतले आहे. मालकांनी पेद्रेत्तींकडे पाहिले. पेद्रेत्तींनी स्वतःच्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाले, "मला आठवत नाही."

आमचे बोलणे ऐकणारे तिसरे कोणी नव्हते. मी सत्तावीस वर्षांची होते, आणि चोर म्हणून घरी आले.

बात्तिस्ता जेवत होता. मी सगळे सांगितले. त्याने ताट बाजूला सारले, बाहेर गेला आणि शेडमधल्या कोंबड्या पिंजऱ्यात भरू लागला.

"काय करतोयस?" मी विचारले.

"तुला जागा लागेल ना?"

त्या तीन केस दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा मागायला गेले, कचऱ्याच्या गाडीवाल्याकडे. त्याने दिल्या. त्यांपैकी दोनांची चालू इंजिने झाली. त्यानंतर चाळीस वर्षे अर्ध्या लोम्बार्दीची फुटकी इंजिने या शेडमध्ये आली. त्याच कारखान्याचे रेसर मागच्या गल्लीतून यायचे, गाडी दूर लावून. दुरुस्ती मात्र चोराकडूनच हवी असायची.

कलम ३. एत्सिओ पेद्रेत्ती. यांस काहीही नाही. सन २००९ मध्ये ते ग्राप्पा दारूची बाटली घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "ओर्नेल्ला, माझं चुकलं होतं."

मी म्हटले, "हेच बाजाराच्या दिवशी चौकातल्या बारमध्ये म्हणा. सगळे असतात तेव्हा."

"माझे पाय दुखतात गं."

"इथवर आलात. बार त्याहून चाळीस पावलं अलीकडे आहे."

बाटली परत पाठवली. पेद्रेत्ती अजून हयात आहेत, बारही अजून उघडा आहे. मी मेल्यावर त्यांनी माझ्या अंत्यविधीला येऊन रडू नये.

कलम ४. इंजिने सातच का, याचा खुलासा. ती अकरा होती. सन २०२१ च्या फेब्रुवारीत मी शेडमध्ये एका क्रँककेसला अडखळून पडले. खुबा मोडला. पाच आठवडे इस्पितळात आणि नंतर व्यायामाच्या केंद्रात होते. परत आले तर शेडमधली फळी रिकामी. माझी स्वतःची, न विकलेली अकरा इंजिने गेली होती. त्यांत सत्तरच्या दशकातली मॅग्नेशियमच्या केसची दोन होती, ज्यांची जोडी मला पुन्हा मिळणार नाही.

दार्यो म्हणाला, "भंगारवाल्याला दिली, आई. त्या लोखंडाने तुला मारलं असतं."

"ते लोखंड नाही."

"जे काय असेल ते. मला तू हवी आहेस, ते नको."

हे त्याने प्रेमाने केले हे मी लिहून ठेवते. मला न विचारता केले हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन बसने सारेत्सोला गेले. भंगाराच्या वाड्यात प्लेबानी नावाचा मालक आणि त्याचा एक पगडीवाला कामगार होता. कामगाराच्या हातात घण होता. ॲल्युमिनियम वेगळे आणि पोलाद वेगळे करायला त्याची नऊ इंजिने फोडून झाली होती. दहावे समोर होते.

"थांबा," मी म्हटले.

प्लेबानी म्हणाला, "बाई, तुमच्या मुलाची सही आहे माझ्याकडे. माल माझा झाला."

मी वाद घातला नाही. वाड्याच्या तोंडाशी ट्रक तोलायचा काटा होता. तिथे पडलेली एक खुर्ची ओढली आणि काट्याच्या मधोमध बसले. पहिला ट्रक आला. दुसरा आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागले. प्लेबानी पोलिसांना बोलावतो म्हणाला. मी म्हटले, "बोलाव. नव्या खुब्याच्या म्हातारीला उचलताना त्यांचा फोटो निघेल."

तोवर तो कामगार घण खाली ठेवून एक फुटकी केस नाकाशी नेऊन हुंगत होता. माझ्याजवळ येऊन त्याने विचारले, "बाई, यात कसलं तेल जळायचं?"

"एरंडेल."

"एरंडेल? आमच्याकडे पोट साफ करायला पाजतात."

"यांचंही पोट साफच राहतं त्याने."

तो हसला नाही. केस फिरवून फिरवून बघत राहिला. मग म्हणाला, "मी सोळा वर्षं ओतशाळेत होतो. ही भेग बाहेरच्या अंगाने गेलीय. बेअरिंगची जागा वाचलीय. ही सांधता येईल." आणि मालकाकडे वळून म्हणाला, "देऊन टाका शेठ. मी जेवणाच्या सुट्टीत पोचवतो."

दुपारी बारा वाजता प्लेबानीने हात टेकले. तोपर्यंत काट्यासमोर पाच ट्रक उभे होते.

तो कामगार म्हणजे हरजिंदर सिंग. न फोडलेली दोन इंजिने त्याने आणली आणि फोडलेले तुकडे तीन पेट्यांत भरून आणले; थंडाव्याची एक बारीक पातीसुद्धा मागे ठेवली नाही. मी त्याला सरळ विचारले, "तुझ्याच हाताने फोडलंयस. आता का?"

"माझ्याच हाताने फोडलंय म्हणूनच," तो म्हणाला.

त्यानंतर साडेतीन वर्षे, दर शनिवारी दुपारी, आम्ही दोघांनी ते काम केले. मी तुकडे ओळखायचे, तो वेल्डिंग करायचा. केस आधी माझ्या भट्टीत तापवायची, जिच्यात मी पाव भाजते. थंड केसवर वेल्डिंग केले तर दुसरी भेग जाते. त्याची पहिली चार वेल्डिंगे मी हातोडीने फोडून टाकली. तो म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या सासूपेक्षा वाईट आहात." पाचवे मी फोडले नाही. पुढे सावली बघायलाही त्याला शिकवले. माझ्या वडिलांनंतर आणि माझ्यानंतर ते आता त्याला येते, आणखी कोणाला नाही.

सात इंजिने उभी राहिली. गेल्या सप्टेंबरात लोनातोच्या ट्रॅकवर सातही पळवली. सातव्याची गाडी धक्का देऊन सुरू करताना हरजिंदर स्वतः पळाला, पन्नाशीच्या जवळ असून. ते पेटले तेव्हा मी ट्रॅकच्या कडेपर्यंत चालत गेले. काठी गाडीत विसरले होते, हे घरी आल्यावर लक्षात आले.

कलम ५. संग्राहक मंडळ. मंडळाचे अध्यक्ष दोनदा येऊन गेले. सातही इंजिने काचेच्या कपाटात ठेवू म्हणाले, खाली कारखान्याच्या नावाची पाटी लावून. त्यांना काचेत ठेवायची इतकी हौस आहे, म्हणून ज्यांचे काहीच होऊ शकले नाही त्या चार इंजिनांच्या तुकड्यांची पेटी मी त्यांना देत आहे. सात इंजिने मात्र वर्षातून एकदा तरी ट्रॅकवर पळवली पाहिजेत. मोडली तर मोडू देत. मोडलेले उघडता येते.

कलम ६. पोस्टातील बचत. तिच्यातून माझा साधा अंत्यविधी करावा आणि शेडचे छप्पर बदलावे. उरेल ते दार्योचे.

कलम ७. दार्यो. शाळेत तुला चोराचा मुलगा म्हणत, हे मला तुझ्या मास्तरीणबाईंनी सांगितले होते. तू कधी सांगितले नाहीस, आणि मीही कधी विचारले नाही; शेडचे दार लावून आत कामाला बसले. तुझ्या कपड्यांना एरंडेलाचा वास येई म्हणून तू वेगळा साबण आणायचास. तो साबण मला दिसत होता. ती शेड तुला का बघवत नाही, हे मला कळते. म्हणूनच ती तुझ्या गळ्यात बांधत नाही. हा तुला दिलेला दंड समजू नकोस.

हे मृत्युपत्र मेल्यावर उघडायचे नाही. येत्या रविवारी जेवणानंतर मी स्वतः ते दार्योला वाचून दाखवणार आहे. त्याला रागवायचे असेल तर मी समोर असताना रागवावे.

(सही) ओर्नेल्ला झुबानी
गार्दोने, गुरुवार, ६ मार्च २०२५

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली:
१. अग्नेसे बोनोमी, शेजारीण
२. रेनातो काँकारिनी, निवृत्त पोस्टमन

पुरवणी. रविवार, ९ मार्च २०२५.

ठरल्याप्रमाणे आज वाचून दाखवले. दार्योने कलम दोनला खुर्ची मागे सरकवली, पण उठला नाही. कलम सात वाचताना माझा चष्मा ओला झाला, म्हणून ते त्यानेच पुढे वाचले, मनातल्या मनात. मग खिडकीशी जाऊन बराच वेळ शेडकडे बघत राहिला.

"एक अक्षर बदलणार नाही," मी आधीच सांगून टाकले.

"बदल म्हटलं का मी?" तो म्हणाला. "शेडमध्ये नळ नाही, आई. वाट दिलीस त्याला, पाणी दिलं नाहीस. तो माणूस तेलाचे हात कुठे धुणार?"

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. म्हणून कलम दोनला जोडते: शेडला घराच्या जोडणीतून कायम पाणी द्यावे, आणि ते घराच्या मालकाने कधीही तोडू नये. हे वाक्य दार्योने सांगितले, मी लिहिले.

(सही) ओर्नेल्ला झुबानी
साक्षीदार: दार्यो बेल्लेरी, मुलगा