भावांचं अनेकवचन

रॉसहेवन,
६ नोव्हेंबर १९६१

चि. अलास्डेर यास
एल्स्पेथताईचे अनेक आशीर्वाद.

अ‍ॅबर्डीनला सुखरूप पोचलास का? आईला माती देऊन चार दिवस झाले. घर इतकं गप्प झालंय, की किटली उकळायला लागली तरी दचकायला होतं.

त्या दिवशी सगळी मंडळी बाहेरच्या खोलीत जेवत होती आणि तुझं ताट तेवढं धुण्याच्या खोलीत, हे मला बघवेना. रेडिओ विकत घेतलास म्हणून दोन वर्षांपूर्वी आपल्या प्रार्थनासभेनं तुला बाहेर काढलं, तेव्हा मी तोंड उघडलं नाही. पण आईच्या मातीच्या दिवशीसुद्धा? म्हणून माझं ताट उचललं आणि तुझ्याशेजारी पालथ्या बादलीवर येऊन बसले. तुला त्याचं काही नाही, वर म्हणालास की सूप खारट झालंय! अरे, ते गिल्बर्टदादानं केलं होतं.

काल सभेचे दोन वडीलधारे घरी आले. जाळीवाले वाइझमन बोलत होते, दुसरे नुसते मान हलवत होते. बाहेरच्या माणसाबरोबर जेवलीस हे खरं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाहेरचा कुठला, माझा भाऊ आहे तो. त्यावर ते म्हणाले, की तुझा ब्रदर असेल, पण ब्रेदरनमधला नाही. मी दादाकडे पाहिलं. तो टोपी हातात फिरवत राहिला आणि मग म्हणाला, की एकाच शब्दाची दोन अनेकवचनं आहेत. ब्रदर्स एका आईचे, ब्रेदरन एका श्रद्धेचे.

चुकलं म्हण, असं त्या वडीलधाऱ्यांनी मला तीनदा सांगितलं. मी म्हटलं नाही. रविवारपासून मीही बाहेर.

तू छापखान्यात बसून लोकांच्या चुका काढतोस. दादा म्हणाला ते बरोबर आहे का, तेवढं पाहून कळव. मला कुणाशी भांडायचं नाही. कोणत्या शब्दानं मला बाहेर काढलं, ते कळलं म्हणजे झालं.

आहे तशी माया राहू दे.
तुझी
एल्स्पेथताई

*

अ‍ॅबर्डीन,
१३ नोव्हेंबर १९६१

ती. एल्स्पेथताईस
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. खाटकाच्या जाहिरातीतली एक ढळढळीत चूक माझ्या हातून तशीच छापली गेली. ताई, सूप खारट आहे म्हणालो, ते काहीतरी बोलायला हवं म्हणून. नाहीतर तिथेच रडलो असतो.

दुपारच्या सुट्टीत मोठा कोश काढला. ब्रेदरनपुढे सहधर्मी, सभासद, सोबती, मंडळी अशी रांगच आहे. आजच्या वापरात तो प्रार्थनेत चालतो, कामगार संघटनेच्या भाषणातही चालतो. घरच्या भावांना कुणी म्हणालं तर लोक हसतील. म्हणजे आजच्यापुरता दादा बरोबर. पण पूर्वी हाच शब्द सख्ख्या भावांनाही लावत. पुढे कधीतरी ब्रदर्स घरात राहिला आणि ब्रेदरन प्रार्थनेला गेला तो तिकडचाच झाला. आपल्या पवित्र ग्रंथात ज्या भावांनी धाकट्याला खड्ड्यात टाकलं आणि विकलं, त्यांनाही ब्रेदरनच म्हटलंय. एका बापाची पोरं! ते कोणत्या सभेचे सभासद होते, दादाला विचार.

तू इकडे ये ना. घरमालकीण वरची खोली द्यायला तयार आहे. मी संध्याकाळी कामावरून आलो की रेडिओवर समुद्राचं हवामान ऐकतो. बोट नाही, जायचं कुठे नाही. पण आपल्या किनाऱ्याचं नाव येईपर्यंत बंद करवत नाही. मग बंद केला की जिन्यावरची पावलंसुद्धा दुसऱ्याच्या दाराशी थांबतात.

लोभ कमी होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.
तुझा
अलास्डेर

*

रॉसहेवन,
१० डिसेंबर १९६१

चि. अलास्डेर यास अनेक आशीर्वाद.

तिकडे ये म्हणतोस, पण दादाचे मोजे कोण रफू करणार? तो बोटी दुरुस्त करतो, स्वतःची बटणं त्याला लावता येत नाहीत.

आता घराची रीत अशी. मी स्वयंपाक करते आणि त्याचं ताट फडताळावर ठेवते. तो ते उचलून पुढच्या खोलीत नेतो, मी स्वयंपाकघरात बसते. मध्ये भिंत. बाहेर काढलेल्याशी कामापुरतंच बोलायचं असा नियम आहे, म्हणून तो कोळसा संपला, पाऊस आहे, एवढंच बोलतो. दुकानात मिसेस मेअर माझ्याशी चाळीस वर्षं बोलत होती; आता माझी पिठाची पिशवी ठेवते आणि वजनकाट्याकडे बघते. दोष तिला तरी काय देऊ? तुझ्या वेळी मीही वजनकाट्याकडेच बघत होते.

भिंतीतून दादाचा चमचा ऐकू येतो. तो सावकाश जेवतो हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. मी माझी ओटची भाकरी पुरवून पुरवून खाते, त्याचा चमचा थांबेपर्यंत. आधी संपली तर नुसती बसून राहते.

तुझं पत्र मी भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं वाचलं. कोश, रांग, खड्डा, सगळं. पलीकडचा चमचा थांबला.

थंडीला जप. माया असू दे.
एल्स्पेथताई

*

रॉसहेवन,
१८ डिसेंबर १९६१

अलास्डेर,

पत्रास कारण की, एल्स्पेथ तुझी पत्रं ओरडून वाचते. मला ऐकू येतं, हे तिला कळव.

त्या भावांची गोष्ट तू अर्ध्यात सोडलीस. लहानपणीही तू असंच करायचास. ती मी पुढे वाचली. दुष्काळात तेच भाऊ विकलेल्या धाकट्याच्या दाराशी येतात. तो त्यांना जेवायला वाढतो. त्याचं पान वेगळं, त्यांचं वेगळं, कारण तिथला नियम तसा होता. पण खोली एकच. आणि ते त्याच्यासमोर बसतात.

आपल्या सभेचा नियम एका टेबलावर न जेवण्यापुरता आहे. मी पुन्हा वाचून खात्री केली.

सूप खारट नव्हतं.

गिल्बर्ट फ्लेट

*

रॉसहेवन,
१४ जानेवारी १९६२

चि. अलास्डेर यास अनेक आशीर्वाद.

दादानं तुला पत्र लिहिलं, हे तुझ्याकडून कळलं. मला बोलला नव्हता. पण त्याच आठवड्यात तो कारखान्यातून करवत घेऊन आला आणि आईचं जेवणाचं टेबल मधोमध कापायला लागला. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. भुसा झाडून त्यानं दोन्ही अर्ध्यांना दोन-दोन नवे पाय लावले आणि ती समोरासमोर मांडली, मध्ये चार बोटांची फट ठेवून. मग मला म्हणाला, की ही दोन टेबलं आहेत. बस.

आम्ही बसलो. तो त्याची प्रार्थना म्हणाला, मी माझी मनात म्हटली. मीठ मी माझ्या कडेला ठेवते, तो हात लांब करून घेतो. माझ्या हातून घेत नाही. बोलणंही अजून कोळशापावसाचंच. पण त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्यात, हे मला तेव्हा दिसलं.

नव्या वर्षात वाइझमन आले. त्यांनी वाकून फट पाहिली, बोटांनी मोजली, आणि वरच्या वडीलधाऱ्यांना विचारावं लागेल म्हणाले. दादा त्यांना म्हणाला, की विचारा. ते वळणाआड होईपर्यंत तो खिडकीतून त्यांच्याकडे बघत होता. चाळीस वर्षांची त्याची माणसं आहेत ती, अलास्डेर. त्यांनी त्यालाही बाहेर काढलं, तर या गावात आम्हाला कुणी विचारणार नाही. हे त्याला कळतं, मलाही कळतं.

परवा पुन्हा ठोकाठोक सुरू झाली. पाहते तर तिसरं टेबल, लहानसं. कुणासाठी ते मी विचारलं नाही. त्यानंच पायांना रंधा मारता मारता विचारलं, की अलास्डेर अजून डावखुराच आहे का. मी म्हटलं, ती सवय कुठे जायचीय आता. दादा नुसता हं म्हणाला, आणि टेबल भिंतीपासून ओढून खिडकीकडे घेतलं, तुझं कोपर भिंतीला लागू नये म्हणून.

कधी येतोस ते लिही.
तुझी
एल्स्पेथताई