बेसनाचं पाणी आणि तुमची फुंकर

अमरावती,
पोळ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप मोठे बाबांना धाकट्या भावाच्या थोरल्या लेकीचा, म्हणजे प्रणालीचा, शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडे मजेत आहे. तुमचा खोकला कसा आहे? (‘कोनता खोकला?’ असं विचारू नका. मागच्या फोनवर तुमच्यापेक्षा तोच जास्त बोलला.) मोठी आई, कपाशी आणि दर्यापूरकडचा पाऊस यांची खुशाली याच क्रमानं कळवा.

आखाजीच्या सणाला तुम्ही विचारलं होतं, “पानी कसं वाह्यते हे पाहाले पैसे भेटते काय वो तुले?” भेटतात, थोडेसे. पण नुसतं पाणी नाही हो. तुमच्या फवारणीच्या औषधात न विरघळता तरंगणारी भुकटी असते ना, तसे लाखो कण मी कॉम्प्युटरातल्या खोट्या पाण्यात सोडते. (याला सिम्युलेशन म्हणतात.) बारीक छिद्राशी आले की मांडवाच्या दारातल्या पाहुण्यांसारखे ते एकमेकांना अडवून बसतात. नोझल कधी तुंबणार, हे कॉम्प्युटरनं आधीच ओळखावं म्हणून मी त्याला शिकवते आहे, आणि शिकायला त्याला खरी उदाहरणं लागतात. म्हणून तुमचा फवारणीचा जुना पंप तुम्हाला न विचारता इकडे आला. (तो चोरीला गेला म्हणून तुम्ही शेजारच्या नत्थुजींशी बोलणं सोडलंत म्हणे. आता त्यांना चहाला बोलवा.)

प्रयोगशाळेत औषध आणायला बंदी, म्हणून मी पाण्यात बेसन कालवलं. (तिथं झाडलोट करणाऱ्या पार्बताबाई फोडणीचं विचारून गेल्या.) परवा अकोल्याहून परीक्षक आले. कॉम्प्युटर म्हणाला, नोझल तुंबणार नाही. आमचे सर त्याच्या भरवशावर नवा पांढरा शर्ट घालून, फवाऱ्याची वाट तेवढी सोडून, माझ्यासमोर उभे राहिले. मी पंपाचा दांडा मारला आणि नोझल तुंबलं. आता शहाण्या मुलीनं आकडे तपासावेत की नाही? मी नोझल काढलं, तोंडाला लावलं आणि गाल फुगवून अशी फुंकर मारली की अडकलेलं सगळं बेसन सरांच्या छातीवर. परीक्षकांनी अगदी गंभीरपणे विचारलं, ही पद्धत कुठली? मी म्हटलं, आमच्या घरची. सगळे पोट धरधरून हसले, मीसुद्धा.

मग तोंड पुसताना ओठांवर बेसनाची चव लागली आणि माझं हसू गेलं. ही फुंकर मी तुमच्याकडूनच शिकले, शेताच्या धुऱ्यावर बसून तुम्हाला पाहता पाहता. तुमच्या नोझलात बेसन नसतं, मोठे बाबा. फवारणी करताना कुणाला विषबाधा झाल्याची बातमी आली की मी आधी गावाचं नाव शोधते. मला फार भीती वाटते.

बाकी क्षेम.

तुमची लाडकी (हे तुम्हीच म्हणता),
प्रणाली

ता.क. पत्रासोबतच्या पार्सलात एक बारीक ब्रश आहे, तो मिशांसाठी नाही. नोझल तुंबलं की त्यानंच साफ करायचं.

ता.क. दुसरा: कॉम्प्युटर अजून कच्चाच आहे, शिकायला त्याला वर्ष लागेल. तुम्ही त्याच्या आधी शिका, एवढ्यासाठीच हे सगळं पत्र.

ता.क. शेवटचा: पार्सल मोठ्या आईच्या नावानं टाकलंय, म्हणजे हे तीच तुम्हाला वाचून दाखवत असणार. तेव्हा ‘भेटलंच नाही’ चालायचं नाही. आणि मोठी आई, त्यांना फुंकायचीच एवढी हौस असेल, तर तुझी चुलीची फुंकणी दे त्यांच्या हातात.