आईच्या दगडावरची तारीख

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे सदुसष्ट, धंदा कबरींच्या दगडांवर अक्षरं कोरण्याचा, आज रविवारी दुपारी अडीच वाजता माझ्या कामाच्या खोलीत बसून, स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते हृदय. चार वाजता इस्पितळाची गाडी येईल आणि उद्या सकाळी छाती उघडतील. पुन्हा जाग आली तर प्रभूची कृपा. नाही आली तर माझा आत्मा त्याच्या हाती आहेच, तिथे कागदपत्रं लागत नाहीत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वेळ आहे की, असंच म्हणत आलो.

समोर माझी पुतणी बसली आहे, ती वकील आहे. शेजारचा बेकरीवाला साक्षीदार म्हणून हात पुसून आला आहे. दुसरा साक्षीदार मनात ठरलेला आहे, पण त्याला बोलावण्याची हिंमत अजून व्हायची आहे.

१. राहतं घर आणि बँकेत जे असेल ते माझ्या बायकोचं. तिने ते विकावं, ठेवावं, हवा तो रंग द्यावा, कोणी मध्ये बोलू नये. ती आत पिशवी भरता भरता ओरडते आहे, "अहो, मृत्युपत्र लिहिताय की कादंबरी? औषधं कुठे ठेवलीत?" औषधं फडताळात, खालच्या कप्प्यात.

२. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्याने माझी शिडी दोन दिवसांसाठी म्हणून नेली, त्याला सात वर्षं झाली. ती त्यालाच दिली. खालून तिसरी पायरी मोडायला आली आहे, हे मी त्याला मुद्दामच सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

३. कोपऱ्यात झाकून ठेवलेला काळा दगड मी स्वतःसाठी राखला होता. तो विकून टाकावा. माझ्यावर साधा दगड पुरे. नाव आणि दोन तारखा. तारखा खऱ्या असाव्यात.

४. आईच्या दगडावरची तारीख खोटी आहे. ती मी कोरली.

नऊ वर्षांपूर्वीचा रविवार. एका बड्या घराण्याचा दगड सोमवारी सकाळी बसवायचा होता, म्हणून उपासना चुकवून मी इथेच ठोकत बसलो होतो. सकाळी धाकट्या भावाचा निरोप आला, आई तुला विचारते आहे. मी म्हटलं, एवढी ओळ झाली की आलो. दुपारी पुन्हा निरोप. एवढी ओळ झाली की आलो. संध्याकाळी तो स्वतः दारात उभा राहिला. "दादा, ऊठ रे. ती थांबणार नाही." मी मानही वर केली नाही. "तू हो पुढे," म्हटलं. दिवे लागायच्या वेळेला आई गेली. मी सोमवारी उजाडल्यावर पोहोचलो. त्या बड्यांचा दगड मात्र वेळेवर बसला.

आई गेली एकोणीस तारखेला. मी तिच्या दगडावर सोमवारची वीस कोरली. रविवारी हा कुठे होता, असं कोणी विचारू नये म्हणून. भाऊ भडकला तेव्हा मी चारचौघांत सांगितलं, रडून बावचळलाय, त्याला वारही कळला नाही. आईचा हात हातात धरून बसलेल्या माणसाला मी खोटं पाडलं! आणि लोकांनी मानलं. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ना, तसं.

तेव्हापासून त्याने माझा उंबरा ओलांडलेला नाही. चर्चमध्ये तो एका टोकाला बसतो, मी दुसऱ्या. दर रविवारी क्षमेची प्रार्थना दोघेही म्हणतो आणि दर रविवारी मी ठरवतो, पुढच्या खेपेला बोलू. रविवारी छिन्नीला हात लावत नाही, म्हणून लोक मला मोठा भाविक समजतात. कसला भाविक? भित्रा आहे मी. चाळीस वर्षं या टेबलाशी माणसं रडली ती बोलायचं राहून गेलं म्हणून. काम राहिलं म्हणून कोणी रडलेलं मला आठवत नाही. पाळक म्हणतात, वेळ आपल्या मालकीचा नसतो, प्रभूने राखायला दिलेला असतो. मी तो बापाची इस्टेट असल्यासारखा उधळला.

५. ही खोली, सगळ्या छिन्न्या आणि वडिलांचा हातोडा धाकट्या भावाला.

दुसरा साक्षीदार म्हणूनही तोच हवा, असं मी सांगितलं आणि पुतणीने मला थांबवलं. "काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. बाबांनी सही केली तर कलम पाच गेलंच समजा. दुसऱ्या कोणाला बोलावते."

"नको. चौथ्याखाली सही त्याचीच हवी. तिथे तोच होता."

ती बाहेर जाऊन फोनवर त्याला चौथं आणि पाचवं वाचून दाखवते आहे, मला ऐकू येतंय. तीन वाजून दहा. परत आली. "बाबांनी फोन ठेवला."





बेकरीवाला म्हणतो, माझ्या भावाला आणू का, तो कशावरही सही करतो. थांबा म्हटलं.

६. तीन पंचवीस. तो आला. बसला नाही. चौथं कलम त्याने उभ्यानेच दोनदा वाचलं. बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"नऊ वर्षं लागली?"

"हो."

"आणि गाडी यायच्या वेळेला सुचलं."

"हो रे. चुकलो."

"सही कुठे करू?"

"बाबा, आजोबांचा हातोडा जाईल," पुतणी म्हणाली.

"जाऊ दे. आई रविवारीच गेली."

म्हणून कलम पाच रद्द. खोली व अवजारं बायकोला. पुतणीने पाचव्यावर काट मारायला लावली आणि काटेशेजारी माझी सही घेतली. खाडाखोड चालते, म्हणाली, फक्त कबूल करायची.

७. अजून बरंच लिहायचं होतं, राहू दे. तीन पस्तीस झाले. कबरस्तान गल्लीच्या टोकाला आहे. कोरलेलं अक्षर पुसायचं तर अख्खा दगड घासावा लागतो, चार दिवसांचं काम, आणि माझ्याकडे पंचवीस मिनिटं आहेत. तेव्हा विसावर आडवी काट मारून शेजारी एकोणीस कोरणार. आमच्या धंद्यात हे नाक कापून घेणं आहे. कापू दे. आज रविवार आहे, तेही प्रभू समजून घेईल. डॉक्टरांनी मला हातोडा उचलायची बंदी केली आहे, म्हणून लहानपणी वडील शिकवायचे तसं करू. मी छिन्नी धरेन, भाऊ ठोकेल. नऊ वर्षांचा राग त्याच्या हातात आणि माझी बोटं खाली, होईल ते होईल.

"दादा, ऊठ रे," तो म्हणतो आहे.

उठलो.

सही: अक्षरं कोरणारा

साक्षीदार पहिला: शेजारचा बेकरीवाला
साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. त्या रविवारी हजर होता.

ठिकाण: कामाची खोली
दिनांक: चोवीस, वार रविवार. कॅलेंडर पाहून लिहिली आहे, बरोबर आहे.